गोरी केलेली पोरगी

...नाई, रंगाचा दोष नाई, ब्रशचा बी नाई, ब्रश तं नवा कोरा होता. दोष माझाच, आन् तुमाले सांगतो, आजबी ते आठवलं का मान खाली जाते.

मी नूर मोहम्मद, आलापल्लीचा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकचे नंबर, नाटकाचे पडदे, तीस वर्षं हेच करून राह्यलो. दोन हजार चारची गोष्ट. जंगलातल्या एका आश्रमशाळेच्या दीपिकाबाईनं बोलावलं. म्हणाली, "नूरभाऊ, पुस्तकाच्या खोलीत भिंतीवर या पोरीले काढून द्या," आन् एक कॉमिक हातात ठेवलं. कोण्या संस्थेनं खोकं पाठवलं होतं, त्यातलं. सारं इंग्रजी. पोरायले अक्षर समजे नाई, पण चित्रं पाहू पाहू शिलाई उसवून टाकली होती त्याची.

आन् काय कॉमिक होतं बाप्पा... पाचशे वर्षांनंतरचं आफ्रिकेतलं शहर, मोहापेक्षा दहापट जाड झाडं, झाडायच्या पोटात घरं, राजा काळा, डॉक्टर काळा, यंत्रं बनवणारी म्हातारी काळी, आन् जे पोरगी उडनजहाज घेऊन चांदण्यायत जाते, कधीकाळी गुलाम करून नेलेल्या आपल्या लोकायचे नातू-पणतू घरी आणाले, ते तं कुळकुळीत काळी, डोक्यावर बारीक बारीक वेण्या.

तीन दिवस खपलो. जहाज असं काढलं का वाटे, आता छत फोडून जाईन. वेण्या एकेक मोजून काढल्या. आन् तोंडाले रंग देतानी हात गेला कुठी? पांढऱ्याच्या डब्यात. त्यात थोडा गुलाबी, चिमूटभर पिवळा... कोणी सांगितलं होतं का मले? कोणीच नाई. पुस्तक समोर उघडं. डोळ्यानं काळी पाहून राह्यलो, हातानं गोरी काढून राह्यलो.

पोरं आले. मले वाटलं टाळ्या वाजवतीन. कोणी भिंतीकडे पाहे, कोणी पुस्तकाकडे. सहावीतली मंगली, एवढीशी माडिया आदिवासी पोरगी, समोर आली.

"पेंटरभाऊ, हे कोण होय?"

"काऊन? तुमच्या पुस्तकातली."

"नाई. ते माझ्यासारखी हाये."

आता मी चूप बसाव का नाई, तुमीच सांगा. पण हे तोंड... म्हणालो, "अवं, काळी काढली असती तं भिंत उठून दिसली नसती. कोणं पाह्यलं असतं तिले?" हसत म्हणालो बरं. हसत. समोर चाळीस-पन्नास पोरं, सारे काळेसावळे.

मंगलीनं पुस्तक उचललं, छातीशी धरलं. म्हणाली, "आमी पाहत होतो." आन् गेली.

दीपिकाबाईनं चहा दिला. तसाच ठेवून निंगालो.

घरी कमरजहाँले सांगितलं. वाटलं, बायको तरी म्हणन, जाऊ द्या. ते तांदूळ निवडता निवडता म्हणते, "निशातच्या स्थळासाठी फोटो पाठवला, त्याले ब्रश कोणं मारला होता?" निशात आमची पोरगी, बापावर गेली, सावळी. मीच मारला होता, तोंड गोरं कराले. कोणी सांगितलं होतं का मले? कोणीच नाई. पाहुणे आले, फोटो पाहेत, पोरीले पाहेत, फोटो पाहेत, आन् चहा पिऊन गेले. निशात दाराशी उभी राहून आमचं हे बोलणं आयकून राह्यली होती. मंग आत निंगून गेली. भांडली असती तं बरं झालं असतं.

सकाळी पयल्या जीपनं शाळेत. डबे उघडले. तपकिरी होता माझ्याजवळ, पण मी तो लावे कुठी? दाराच्या चौकटीले, झाडाच्या खोडाले. आन् काळा माणूस काढला तो नाटकाच्या पडद्यावर, राक्षस म्हणून. इतकी वर्षं. कोणी सांगितलं होतं का... जाऊ द्या.

मंगलीले म्हणालो, "माय, चुकलो मी. रंग जुळवाचा हाये, हात दाखव." लगेच नाई आली. दुपारपर्यंत खिडकीतून पाहत राह्यली. मंग आली, भिंतीले हात टेकवून उभी. मी रंग मिसळला, ते म्हणे, "अजून." अजून मिसळला. "अजून." चारदा. मंग नाक सुधरवाले लावलं, ते बी मी बारीक केलं होतं, तुमाले सांगाचं राह्यलंच.

झालं. पोरं एकमेकायले ढकलून राह्यले, ओला रंग हाये म्हटलं तरी बोटं लावून राह्यले. मी खाली कोपऱ्यात सही कराले ब्रश उचलला. मंगलीले इचारलं, "नाव लिवू ना माझं?"

म्हणते, "लिवा. पण पयले कोणता रंग मारला होता, ते बी लिवा."

मी ब्रश धुतला, डबे बांधले आन् जीप पकडली. जिल्हाभर माझ्या सहीच्या भिंती हायेत. हे एक बिनसहीची. आन् साधली तं हेच साधली, काय करता?