रुपयात बारा आणे आराम

...न्हाई, पण मला एक सांगा, झोपलेल्या माणसाला उठवून 'झोपले का?' म्हणून विचारायचं, ह्याला काम म्हणतेत का? पण हेच माझं काम हाय, तुम्हाला सांगतो. नांदेडात वीरण्णाशेठच्या टँकरचं हापिस हाय, तिथं मी ड्रायव्हर लोकांच्या फायली सांभाळतो. लायसन कधी संपतंय, डोळे कधी तपासले, जोखमीचा माल न्यायचं ट्रेनिंग झालं का, आणि सगळ्याच्या वरताण म्हणजे झोप. ड्रायव्हरनं गाडी किती चालवली आणि झोप किती घेतली, ह्याची नोंद. आता तो झोपणार धर्माबादच्या पुढं कुठल्या तरी ढाब्यावर, मी बसलो नांदेडात, मला कसं कळावं? मग लाव फोन. "खाजामियाँ, झोपले का?" "झोपलो होतो देविदासभाऊ, तुमीच उठवलं." "बरं बरं, झोपा मग, लिहून घेतो." काय करता, कागद पायजे.

तर ज्या कंपनीचं स्पिरिट आमच्या टँकरात जातं, तिचे तपासणीवाले साहेब आले पुण्याहून. शेठनी आदल्या दिवशीच लातूरहून फोन करून त्यांच्या कानडी ढंगात दम भरला. "येनप्पा, काय रे देविदास, एक फाईल अडली की सगळ्या गाड्या गेटवर उभ्या राहतील. आणि गाड्या उभ्या राहिल्या तर तू आडवा व्हशील. दुसरी नोकरी बघायची." लेकराबाळाचा माणूस मी, काय बोलणार? हाव शेठ म्हणलो.

साहेब आले, बसले, पयली फाईल उघडली ती खाजामियाँची. लायसनवर खाजामियाँ, आधारवर ख्वाजा मियाँ, आणि डोळ्याच्या डॉक्टरनं लिहिलेलं के. मिया. साहेब म्हणतेत, "हे तिघे एकाच गाडीवर आहेत का?" मी लगेच प्रतिज्ञापत्र पुढं केलं, तिघं मिळून एकच माणूस हाय म्हणून. हाय की न्हाई तयारी? कागद पायजे ना, हा घ्या कागद. साहेब खूष. मलाच माझं कौतुक वाटून राहिलं.

आणि तिथंच घात झाला.

आता खाजामियाँ म्हणजे आमच्यातला एक नंबर ड्रायव्हर, तोंडातनं खोटं निघणार न्हाई. पण मागच्या पंधरवड्यात त्यांना गळू झालेलं. कुठं म्हणता? अहो, ड्रायव्हरला जिथं होऊ नये तिथं. बिचारे सुट्टी काढून पालथे पडून होते, त्या दिवशीच कामावर आलेले. आणि सकाळपासून जो येईल तो इचारून राहिला, "मियाँ, आराम हाय का?"

साहेबांनी खाजामियाँला समोर बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, "आपल्याला पुरेशी विश्रांती मिळते ना?" खाजामियाँ माझ्याकडं बघून राहिले. म्हणलं, साहेबांचं मराठी जरा सोपं करून सांगावं. कुणी सांगितलं होतं का मला? न्हाई. पण जिभेला हाड असतं तर ना. मी म्हणलो, "खाजामियाँ, साहेब विचारतेत, आराम हाय का?"

"हाव साहेब. रुपयात बारा आणे आराम हाय."

साहेबांचं पेन थांबलं. "आणि उरलेले चार आणे?"

"ते बसल्यावर ठसठसतेत."

"ड्रायव्हरला... बसता येत नाही?"

मी मधी पडलो. साहेब, आमच्याकडं बारा आणे म्हणजे माणूस बरा झाल्यातच जमा हाय! साहेब कसले ऐकतेत? "देविदासजी, पोर्टलवर बारा आण्याचा रकाना नाही. फिट किंवा अनफिट. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नवी सर्टिफिकेटं आणा." कागद पायजे!

मग काय, ऑटोत कोंबले सगळे ड्रायव्हर आणि गाठला डॉक्टर. खाजामियाँ ऑटोत पण उभ्यानंच, छताला डोकं टेकवून. डॉक्टरनं त्यांना स्टुलावर बसवलं, उठवलं, परत बसवलं, आणि मियाँनी दात-ओठ खाऊन हूं की चूं केलं न्हाई, माझ्यासाठी हो, माझी नोकरी जाऊ नये म्हणून. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं. डॉक्टरनं शिक्का मारला, 'बसण्यास योग्य'.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्या फायली पास केल्या. मी म्हणलं सुटलो एकदाचा... तर साहेब म्हणतेत, "ह्या नोंदी ठेवतं कोण? तुम्ही? मग तुमचं सर्टिफिकेट कुठंय?" म्हणलं साहेब, मी कुठं टँकर चालवून राहिलो? "ड्रायव्हरांना तर तुम्हीच चालवता ना?" झालं. परत तोच डॉक्टर. दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आकडा बघून स्वतःच घाबरला. "झोपत नाही का हो तुम्ही?" आता कसा झोपू? हे झोपले का बघायला कुणीतरी जागं पायजे ना! मारला शिक्का, अनफिट.

एक सोडून सगळे ड्रायव्हर गाड्या घेऊन रस्त्यावर आणि मी घरी. नोकरी वाचली, तेवढं शेठचं मन मोठं. पण म्हणले, बीपी खाली येस्तोवर हापिसात पाय ठेवायचा न्हाई, फाईल अडंल. आणि माझ्या खुर्चीवर कुणाला बसवलं? हापिसात बसण्यास योग्य असा शिक्का एकाचकडं होता की!

काल दुपारी कुठं नव्हं ते डोळा लागला, तर फोन.

"देविदासभाऊ, झोपले का?"

"झोपलो होतो खाजामियाँ, तुमीच उठवलं."

"बरं बरं, झोपा मग, लिहून घेतो. काय करता, कागद पायजे."