गडग्यालगतचा वाफा

मंडळी, बसलात ना नीट? पंख्याचं वारं मागपर्यंत येतंय? मग एक प्रश्न घ्या. ज्या माणसाचा आपल्याला संशय आहे, त्या माणसानं आपलं भलं केलं — तर ते आपल्याला दिसतं का?

"दिसतं की!" — कोण म्हणालं? काका, तुम्ही? बरं. ऐका आता.

कोकणातलं एक लहान गाव. तिथे सरोजिनी टिपणीस नावाची बाई. गाव तिला सरूकाकी म्हणायचं. नवरा दिगंबरराव. भाद्रपदात दिगंबररावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. जीव वाचला — पण माणूस भिंतीकडे तोंड करून निजायला लागला! जेवायला उठवा, उठतील. औषध द्या, घेतील. पुन्हा भिंत! डॉक्टर म्हणाले, "काकी, यांना उघड्यावर बसवा. बघायला काहीतरी द्या. नाहीतर हे असेच विझत जातील."

उघड्यावर? तिथे होतं काय! मागच्या दारी बारा पावलांची जागा. शेवाळ, मोडका पलंग, नारळाच्या सोडणांचा ढीग. आणि पेन्शन तर औषधांतच संपायची.

पण बाई खटपटी! तिनं शेवाळ खरवडलं. पडलेल्या गोठ्याचे जांभे दगड एकेक उचलून वाफ्यांना कड केली. तांबडी माती चोपून शेणानं सारवली. रंगाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून कुंड्या केल्या. जुन्या नऊवारीचं छत ताणलं. खर्च किती? सुतळीचं एक बंडल आणि थोडे खिळे! तुमच्यातले काही जण एका शोभेच्या कुंडीला याहून जास्त देतात — आणि ती कुंडी दिवाणखान्यात मरते. हसू नका, मला ठाऊक आहेत ती घरं!

आणि रोपं? रोपं दिली शेजारच्या द्वारकेनं. द्वारका म्हात्रे, खाडीकाठच्या खारेपाटातली लेक, लग्न होऊन इथे आलेली. दोन घरांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा. त्यावरून हात लांब करून म्हणायची, "काकी, ही अबोली घ्या. हा मोगरा. पैसे नकोत हो, फांदीचे कसले पैसे!"

त्या रोपांचा वाफा काकींनी गडग्यालगतच केला. दिवाळीच्या सुमारास अबोली फुलली. दिगंबररावांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. पहिल्या दिवशी मान खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी फुलावर मध प्यायला एक इवलं शिंजीर पाखरू आलं — आणि त्यांनी डावा हात उचलून ते बायकोला दाखवलं! बायको पदरात तोंड लपवून रडली, मंडळी.

नेमकी त्याच वेळी गडग्यापलीकडून द्वारका म्हणाली, "अगो बाय! आमच्या दारी कधी एवढी फुलली नाय ही!"

झालं! एक वाक्य. कौतुकाचं वाक्य. पण काकींच्या काळजात ते काट्यासारखं रुतलं. ही असं का म्हणाली? हिची नजर कुठे होती — फुलावर, की माझ्या नवऱ्यावर?

त्याच संध्याकाळी काकींनी दृष्ट काढली. आता दृष्ट कशी काढतात, हे मी तुम्हाला शिकवायला नको. मीठ, मोहऱ्या, मिरच्या! पण धुरानं दिगंबररावांना ठसका लागायचा. म्हणून मिरच्या बंद, नुसतं मीठ. मूठभर खडे मीठ नवऱ्यावरून ओवाळलं, तसंच फुललेल्या झाडांवरून ओवाळलं, तांब्यातल्या पाण्यात विरघळवलं. आता हे टाकायचं कुठे? सासूबाईंची ताकीद होती — उतरवलेल्या मिठावर कुणाचा पाय पडता कामा नये! अंगणात पाय पडतो. रस्त्यावर पडतो. जिथे कुणाचाच पाय पडत नाही, अशी जागा कोणती?

शाबास! मागच्या काकूंना बरोबर कळलं.

वाफा! आणि तोही गडग्याकडचा. जिची नजर, तिच्याच बाजूला परत. बाईचा हिशेब पक्का! मग दर शनिवारी तेच.

पंधरा दिवसांत मोगऱ्याची पानं कडेनं करपली. शेंडा तपकिरी, कड तपकिरी, मध्ये हिरवं. काकींनी मन लावून पाहिलं. दारातल्या डब्यांतली झाडं ठणठणीत! मरतायत ती फक्त गडग्याकडची. आणखी काय पुरावा हवा? शनिवारी काढायची ती दृष्ट बुधवारीही काढायला लागल्या. मग अमावास्येला. मग रोज! जेवढी झाडं सुकायची, तेवढं मीठ वाढायचं. जेवढं मीठ वाढायचं, तेवढी झाडं सुकायची. आणि संशय? तो मात्र तरारून वर आला!

द्वारका एकदा पुढच्या दारी आली. "काकी, त्या मोगऱ्याचं जरा बोलायचं होतं —"

"तुला कशाला गं माझ्या मोगऱ्याची उठाठेव?" दार बंद!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळी आळी बोलावली, द्वारकेला नाही. ती गडग्यावरून बघत राहिली. बघ, कशी बघतेय!

माघात अबोली काड्यांवर आली. दिगंबररावांनी खुर्चीत बसायला नकार दिला. डावा हात हलवून "नको" अशी खूण केली, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. काकींचं डोकं फिरलं. गवंड्याला निरोप धाडला — उद्या सकाळी ये, गडग्यावर पुरुषभर उंच पत्रे ठोकायचे! वारा अडेल, उजेड अडेल. अडू दे! तिची नजर अडली पाहिजे!

त्याच दिवशी दुपारी, सगळं गाव लवंडलेलं असताना, मागच्या दारी काहीतरी वाजलं. काकी फटीतून बघतात तर — द्वारका! गडगा ओलांडून आत! हातात कळशी. वाफ्यात ओततेय! परत गेली, पुन्हा भरून आणली, पुन्हा ओतली. आणि ओठ पुटपुटतायत!

सांगा मंडळी, तुम्ही असतात तर काय समजला असतात? आता गप्प का?

काकी धावल्या. तिचं मनगट धरलं. "सापडलीस! काय ओततेस गं? काय मंत्र म्हणतेस?"

"मंत्र कसला काकी? कळश्या मोजत होते. ही चौदावी."

"कशाची कळशी?"

"पाण्याची! आमच्या विहिरीचं पाणी. आज पाचवा दिवस."

"पाणी घालायला चोरून यायचं?"

द्वारकेनं हात सोडवून घेतला. खाली वाकली, वाफ्यातली चिमूटभर माती उचलली. "चाखा."

"माती चाखू?"

"विष असेल तर मी आधी मरते!" आणि तिनं ती माती स्वतःच्या जिभेवर ठेवली. मग काकींनी बोट लावलं. जीभ आक्रसली, मंडळी! खारट! मिठागरासारखी खारट!

"आमच्या माहेरी बांध फुटला की खाडी शेतात शिरते," द्वारका म्हणाली. "मग रोपाचं पान असंच कडेनं जळतं. पहिल्याच दिवशी ओळखलं मी. खार उतरवायचा तर एकच उपाय, वरून गोडं पाणी सोडत राहायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले, तर दार लावलंत. आणि सांगून काय सांगणार? 'काकी, दृष्ट काढू नका'? तुम्ही म्हणाला असतात — लावणारीच काढायला नको म्हणते!"

काकी तसं म्हणाल्याच असत्या! अगदी याच शब्दांत!

एवढ्यात दारात काठी वाजली. आरडाओरडा ऐकून दिगंबरराव एकटे उठून आले होते. चौकट धरली, पाय ओढत ओढत वाफ्यापर्यंत पोचले. त्यांनी काठी बगलेत धरली, डाव्या हाताचं बोट मातीत खुपसलं, तोंडात घातलं — आणि असं तोंड केलं, असं तोंड केलं, की द्वारका खुदकन हसली. मग ते हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा! वाकडं हसू, अर्ध्याच ओठांचं. काकींनी ते पाहिलं, वाफ्याच्या कडेवर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "द्वारके, पंधरावी कळशी मी आणते. तुझ्या विहिरीवर येऊ का?"

"या की! रहाट जड आहे, दोघी ओढू."

मोगरा वाचला का? नाही हो. तो मेला तो मेलाच. अबोलीला चैत्रात बुडातून दोन धुमारे आले, तेवढेच. गवंडी आला तसा परत गेला. दिगंबरराव मात्र रोज खुणेनं खुर्ची मागायला लागले — आणि ती गडग्याकडे तोंड करून लावायला लावायचे.

आता तुमच्याकडे वळते. या मंडपात अशी दोन घरं बसली आहेत, एक खांबाच्या या बाजूला, एक त्या. वर्षभर बोलणं नाही. नावं घेत नाही, घाबरू नका! पण आज प्रसादाची रांग एकच आहे, मी मुद्दाम एकच लावायला सांगितली. तुम्ही एकामागे एक याल. मनात जे पक्कं करून ठेवलं आहे, ते बाजूला ठेवून फक्त विचारा — "त्या दिवशी तू काय करत होतीस?" — आणि उत्तर पुरतं होईपर्यंत मध्ये बोलू नका. पुढच्यानं मागे वळायचं, की मागच्यानं खांद्याला हात लावायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. रांग लांब आहे. वेळ भरपूर आहे.

उठा, हात जोडा, आणि मोठ्यानं म्हणा — रामकृष्णहरी!