रविवारच्या उपदेशाआधी

काशिनाथ : ...तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, तारण होतं ते विश्वासानं! कर्मांची रास रचून कुणी स्वर्गात चढत नाही! कसं वाटतंय?

रुचिरा : छान. पण आवाज कमी करा, पप्पा. चेन्नईतली आपली मराठी मंडळी मोजकी. रविवारी माईकसुद्धा लागायचा नाही.

काशिनाथ : नगरला मी बोलायला लागलो की मागच्या बाकावरचे जागे व्हायचे.

रुचिरा : मग जागी होऊनच विचारते. कर्मांनी काही होत नाही ना? मग खालच्या कामाक्षीमामींचं दूध रोज कोण आणतं? त्यांचे पंखे कुणी पुसले? काल तर त्यांचा इस्त्रीचा गठ्ठा घेऊन निघाला होतात.

काशिनाथ : शेजारधर्म म्हणतात त्याला.

रुचिरा : नवरात्रानंतर त्यांच्या गोलूच्या मांडणीतल्या बाहुल्या उतरवायला गेलात, तेव्हापासून तो उफाळलाय. मी नर्स आहे. कुठे दुखतंय ते न सांगणारे पेशंट रोज बघते.

काशिनाथ : ...ती मान डोलावणारी तंजावरची बाहुली होती ना, ती मांजरानं नाही फोडली.

रुचिरा : म्हणजे?

काशिनाथ : माझ्या हातून सुटली. बाई आत कॉफी करत होत्या. मांजर बिचारं शेजारीच बसलेलं. त्या बाहेर आल्या नि त्याच्यावरच ओरडल्या. मी तोंड उघडलं, पण... मिटलं परत.

रुचिरा : पप्पा! वॉचमन वेंकटचा जीव आहे त्या मांजरात!

काशिनाथ : मी पश्चात्ताप केलाय गं. घरी येऊन गुडघे टेकले, प्रभूकडे क्षमा मागितली. मिळाली, असा माझा विश्वास आहे.

रुचिरा : बाहुली प्रभूची होती का?

काशिनाथ : बेल वाजतेय बघ.

(रुचिरा दार उघडते. तंजावरी मराठी बोलणाऱ्या कामाक्षीमामी, हातात सांबारच्या बारक्या कांद्यांची टोपली.)

कामाक्षी : रुचिरा, तुझे घरीं चाकू आहे कीं? माझा बोथट जाहला. अन् काशिनाथराव, ऐकिलें का? सोसायटीचे सेक्रेटरी राममूर्ती कबूल जाहले. वेंकट तें मांजर आज गोणींत घालून दूर तिरुवल्लिकेणीस नेऊन सोडणार. रडतो तो, पावम, बिचारा. पण मी काय करूं? माझे अम्माची बाहुली ती.

काशिनाथ : बाई... मांजराला नका पाठवू.

कामाक्षी : कां?

काशिनाथ : मी फोडली.

कामाक्षी : काय फोडलें?

काशिनाथ : बाहुली. मांजरानं काही केलं नाही. माझ्या हातून पडली, आणि मी गप्प बसलो.

रुचिरा : मामी, बसा ना जरा.

कामाक्षी : नको. म्हणून तें दूध? म्हणून ते पंखे? अन् मी समजलें, देवानें मज भाऊ धाडिला.

काशिनाथ : चुकलो, बाई. मी नवी आणतो. आजच बस पकडून तंजावरला जातो. वर्षभर तुमची सगळी कामं...

कामाक्षी : पुरे! अम्मा तिची मान हालवून मज हसवीत असे. तें आणूं शकाल?

काशिनाथ : नाही.

कामाक्षी : मग मोल देऊं नका. आधीं वेंकटास फोन करा. माझेसमोर.

रुचिरा : मी बोलू, पप्पा? तुम्हाला तमिळ कुठे येतं?

काशिनाथ : नको. मोडकंतोडकं, पण मीच बोलतो. हॅलो, वेंकट? पूनै... तप्पु इल्लै! तप्पु नान! मांजर नाही, मी! गोणी ओपन! मन्निच्चुडु, वेंकट, माफ कर... रुचिरा, हा काय म्हणतोय बघ.

रुचिरा : मांजर त्याच्या मांडीवर आहे म्हणतोय. गोणीत भरायला त्याचा हातच धजला नाही. आणि तुमच्यावर चिडलाय.

काशिनाथ : चिडू दे. खाली जाऊन भेटतोच त्याला. आणि तुम्ही, बाई?

कामाक्षी : मज राग आहे. उद्यांही राहील. पण क्षमा केली.

काशिनाथ : मी काहीतरी करतो ना, म्हणजे...

कामाक्षी : कांहीं करूं नका. केली म्हणतें ना?

काशिनाथ : पण मनापासून केलीत, हे मला कळायचं कसं?

कामाक्षी : मी सांगतें म्हणून मानायचें. दुसरा उपाय नाहीं.

रुचिरा : बसा आता, पप्पा. डोळे पुसा.

कामाक्षी : अय्यो, टोपली कां ओढतां? कांदे मी सोलीन. दंड नको म्हटलें तुम्हांस.

काशिनाथ : दंड नाही हो, बाई. हात रिकामे आहेत.