चाकं कुठली घेतलीत?

नाही, चाक गोल असतं एवढं मलाही कळतं हो, पण त्या दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला चाक चौकोनी का नाही असं विचारलं होतं, आणि मी विचारलं काय होतं, तर या दोन वेगवेगळ्या जोड्या एकाच किमतीत कशा, बस्स, एवढंच... आता तुम्हीच सांगा, विचारायला काय जातं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या हिच्यासारखे म्हणाल की याचं डोकं फिरलंय. तर आमची मुलगी सायकल पळवते. शर्यतीत. साधी सायकल नाही हं, तो गोल, बाजूंनी उतरता ट्रॅक असतो ना, त्यावरची. तिला गिअर नाहीत, ब्रेक नाही, आणि खरी गंमत म्हणजे तिची पेडलं सुटी फिरत नाहीत. आपण कसं उतारावर पाय सोडून मजेत बसतो, तसलं काही नाही. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडलवर पाय आहेत तोवर पायही फिरणार, तुमची इच्छा असो नसो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, अगं, मग थांबायचं कसं? तर म्हणते, "बाबा, तिथे थांबायला कोण जातं?"

तर या सायकलच्या मागच्या चाकाचे आटे गेले. ज्या आट्यांवर ती दातेरी चकती घट्ट बसते ना, ते झिजले, आणि जोर लावला की चकती सरकायची. म्हणजे भर वेगात पोरगी सगळी ताकद लावणार आणि पायाखालचं पेडलच दगा देणार. आणि रविवारी संघाची निवड! वर्षभर पहाटे उठून, मैत्रिणींची लग्नंबिग्नं बुडवून, जिने चढताना कण्हत कण्हत तिनं याच एका दिवसासाठी पाय तयार केलेले. मला म्हणाली, "बाबा, नवी जोडी घेऊन ये, स्वस्तातली चालेल, पण शनिवारपर्यंत. या चाकांवर मी उतरणार नाही. नाही आली नवी, तर घरी बसेन." आणि हे ती रडून नाही, अगदी शांतपणे म्हणाली, त्यामुळे मी तसाच दुकानाकडे निघालो.

आता अडचण काय झाली, तर माझा धंदा. मी दातांच्या कवळ्या बनवतो. आमचं सगळं काम विचारण्यावर. टोचतंय का? कुठे टोचतंय? चावताना की बोलताना? जरा हसून दाखवा बघू... नाही विचारलं तर माणूस भिडेखातर "छान आहे, छान आहे" म्हणतो, घरी जातो आणि कवळी पेल्यात बुडवून ठेवतो ती कायमची. म्हणून मला सवयच लागली. ही म्हणते, "अहो, तुम्ही लिफ्टमध्ये अनोळखी माणसालासुद्धा विचारता की चौथ्या मजल्यावर कोणाकडे!" हो, विचारतो. विचारायला काय जातं? फार तर तो पाचव्यावर उतरेल.

तर दुकानात दोन जोड्या. एक काळी, रिम अशी वीतभर उंच, तारा मोजक्या, भारदस्त एकदम. पोरीनं फोटोत पाहून तिच्यावरच जीव टाकलेला. दुसरी चंदेरी, बुटक्या रिमची, तारांची नुसती दाटी, दिसायला अगदी शाळामास्तर. मी म्हटलं, ही काळी एवढी झोकदार, मग हिचीही किंमत तेवढीच कशी? दुकानदार म्हणाला, "जड आहे." मी म्हटलं, जड का? "रिम उंच आहे, साहेब." मग उंच का करतात? "वारा कापते." मग वारा कापते तर जड असून चालेल का? "वेग घेतला की चालेल." आणि वेग घेईपर्यंत? "घेईपर्यंत पाय भरतात." आणि आडवा वारा आला तर? "तर सायकल ढकलली जाते." मग लोक घेतात कशाला हो? तर त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "फोटो छान येतो."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकं खरं उत्तर मला कित्येक दिवसांत कोणी दिलं नव्हतं. मग मी तारांकडे वळलो. तारा जास्त का बऱ्या? तर म्हणे एखादी तुटली तरी बाकीच्या सांभाळून घेतात, कमी असल्या की एक तुटली आणि चाक लगेच रुसलं. मग ती चकती आवरायला वरून जी रिंग लावतात, तिचे आटे उलटे का? तर म्हणे पाय मागे दाबून वेग कमी करताना सुलट्या आट्यांची रिंग सुटून येईल. बघा, काय डोकं लावलंय कोणीतरी! मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. तो म्हणाला, "साहेब, मागे गिऱ्हाईक उभं आहे." मी वळून त्या गिऱ्हाइकालाच विचारलं, तुम्ही कुठली चाकं वापरता? तो हवा भरायला आला होता. हवा न भरताच गेला.

असं रोज चाललं होतं. मंगळवारी मी गेलो, बुधवारी गेलो, गुरुवारी त्यानं मला लांबून पाहिलं आणि जेवायला बसला, सकाळी दहाला. घरी ही विचारायची, "आणलीत?" मी म्हणायचो, बेअरिंगचं कळलं आज, बंद डब्यातली असतात ती बरी, धूळ जात नाही. ही म्हणायची, "तुम्ही चाकं आणणार आहात की चाकांवर परीक्षा देणार आहात?" आणि पोरगी नुसती कॅलेंडरकडे बघायची. ते मात्र मला लागायचं, खरंच लागायचं. पण न विचारता घ्यायची आणि ती पडली, तर? तिचे पुढचे दोन दात मी माझ्या हातानं बनवायचे का?

शेवटी शनिवारी सकाळी चंदेरी ठरली. पण चाक सरळ फिरतं का बघायला नको? मी खिशातून आमचा रंगीत कागद काढला. कवळी बसवल्यावर दोन दातांच्या मधे धरतात, जिथे उंचवटा असेल तिथे रंग उमटतो. तो काडीला गुंडाळून मी रिमच्या अगदी जवळ धरला आणि चाक फिरवलं. एका ठिकाणी निळा ठिपका! दुकानदाराला म्हटलं, हे बघा, इथे जरा उंच लागतंय. त्यानं ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मुकाट्यानं एक तार आवळली आणि म्हणाला, "आता नेता का?" म्हटलं, नेतो. तो चक्क दारापर्यंत पोचवायला आला हो.

चाकं बसवली. पोरगी म्हणाली, "ही? पोस्टमनच्या सायकलची वाटतात." आणि हातमोजे आणायला बाहेर गेली. आता मला सांगा, कवळी साच्यावर बसली म्हणजे तोंडात बसली असं होतं का? चावून बघावंच लागतं. तशी ही चाकं वजन पडल्यावर कशी वागतात, कोणी बघायचं? मी सायकल खाली नेली आणि आवारात चढलो.

पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत दम लागला म्हणून पाय थांबवायला गेलो... थांबेनात हो! पेडलनं मला असं उचललं खालून, की मी सायकल चालवतोय का सायकल मला, काही कळेना. बाकावर आमचे शेजारचे काका बसलेले. म्हणाले, "काय, नवीन का?" मी म्हटलं, चाकं... आणि पुढे गेलो. पुढच्या फेरीला म्हटलं, ...नवीन, सायकल... आणि गेलो. त्याच्या पुढच्या फेरीला, ...जुनी! काका म्हणाले, "उतरा की मग." म्हटलं, तेच तर... आणि गेलो. ही गॅलरीतून, "अहो, चहा गार होतोय!" येतो. "अहो, येताय ना?" यायचंय! मधे गटाराचं झाकण, फुटक्या फरशीची कड, एक कुंडी, सगळ्यांची दर फेरीला भेट. तेवढ्यात पोरगी फाटकातून आत आली आणि माझ्या बाजूनं पळत पळत म्हणाली, "बाबा, पाय मागे दाब. हळूहळू. मागे, बाबा, मागे!" दाबले. थांबलो. उतरल्या उतरल्या आधी मी कागद काढला, चाकाला धरला, फिरवलं. एक ठिपका नाही! पोरगी कागदाकडे बघत होती, आणि मग अशी हसली की आठवडाभरात हसली नव्हती. म्हणाली, "चालतील रे ही."

रविवारी आम्ही ट्रॅकवर. मी वर पायऱ्यांवर अगदी मोक्याची जागा धरली, शेवटची रेषा समोर. पोरीनं एकच अट घातलेली, "बाबा, आज कोणाला काही विचारायचं नाही." नाही विचारलं. शपथेवर सांगतो. तर शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी उतरणार होता. ते खाली माझ्या मुलीच्या सायकलकडे बघत हळूच म्हणाले, "चाकं कुठली घेतलीत?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं, मला भरून आलं. आख्ख्या आठवड्यात मला कोणी, कोणी म्हणजे कोणी, चाकांतलं काही विचारलं नव्हतं! मी सांगितलं. ते म्हणाले, "काळी का नाही घेतलीत?" मी सांगितलं. "मग तारांचं काय?" तारांचं सांगितलं. खाली शिट्टी झाली, सायकली सुटल्या, मी एक डोळा तिकडे ठेवला. ते म्हणाले, "आणि ती रिंग, तिचे आटे म्हणे उलटे असतात, ते का?" आता हे असं तोडून सांगण्यासारखं आहे का? मी त्यांच्याकडे वळलो, हातवारे करून सांगितलं, मग कागद काढला, ठिपका कसा उमटतो ते त्यांच्याच अंगठ्याच्या नखावर करून दाखवलं, ते म्हणाले, "वा!" आणि तेवढ्यात सगळा जमाव उठून ओरडायला लागला. मी म्हटलं, काय झालं? पुढचा माणूस म्हणाला, "संपलं."

घेतली हो तिला संघात, घेतली. घामानं निथळत वर आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, पाहिलंस? शेवटच्या फेरीत काय केलं मी, पाहिलंस?" म्हटलं, पाहिलं की. "सांग ना मग, कशी वाटले?"

एवढा साधा प्रश्न, पण मला घाम फुटला. मी म्हटलं, चाकं... चाकं अगदी सरळ चालली होती हं.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या गृहस्थांच्या निळ्या अंगठ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायला निघून गेली. आता पुढच्या महिन्यात तिची संघातली पहिली शर्यत आहे. मी ठरवलंय, तोंड बंद, डोळे ट्रॅकवर, एकटाच बसणार. कालच त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना आता सीटबद्दल विचारायचंय, आणि माझ्या शेजारची जागा त्यांनी आत्तापासूनच धरून ठेवली आहे.