एक जूनचे वाढदिवस

एक जूनला सकाळी सृष्टीने सहल कंपनीच्या सातारा कार्यालयातून जुन्या प्रवाशांना वाढदिवसाचे संदेश पाठवले. हे प्रवासी यंदा परत आले नाहीत, तर कार्यालय बंद होणार होतं. दुपारी ती स्टँडवर मेढ्याच्या बसच्या रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"आवं, आज माझा वाढदिवस हाय म्हनं. काशीला नेल्याली कंपनी सांगतीया."

"गप. आज माझा हाय. ह्यो बघ मेसेज."

"तुमचा बी?"

"अगं, शाळंत घालताना मास्तरानं समद्यांचीच तारीख एक जून लिवली. तुझी आधारवाल्यानं लिवली."

"मग मी जल्मले कवा?"

"तुझी आय म्हनायची, बेंदराला."

"बैलांच्या सनाला व्हय? तरीच जल्मभर तुमचं जू वढतीया!"

"ह्यो मेसेज आपल्या गावच्या रमजानला बी आलाय, सुभेदाराला बी. निम्मं गाव आज जल्मलंय."

सृष्टीचे कान तापले.

"कंपनीला एवढं बी कळंना?"

"न्हाई कळत. पर मेसेजात लिवलंय, वाढदिवसवाल्याला सहलीत सूट हाय. समदी मिळून द्वारकेला जाऊ की!"

"आन् कंपनी न्हाई म्हनली तर?"

"शुभेच्छा कुनी दिल्या? खाली बाईंचा नंबर हाय, लावतो."

सृष्टीच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने घाईघाईने पाठ फिरवून तो उचलला.

"नमस्कार बाई. आमच्या गावात आज बेचाळीस जनांचा वाढदिवस हाय. तुमची बस केवढी हाय?"

"लागेल तेवढी मोठी, काका!"

"आवं, बाई फोनात कमी आन् मागनंच जास्त बोलत्यात!"