न आयकता म्हनलेला हाव

नाही नाही, थांबा. थांबा शेंडे साहेब. आता तुम्ही जे बोलले ना, ते मले आयकू नाही आलं. पुन्हा बोला — नाही, विनोदकडे पाहून नका बोलू. त्यानं सोयरीक आनली ते ठीक हाये, भाचा हाये माहा, पन डिंपलचा बाप मी, तो नाही. विनोद, जा बरं तू, चौकातून पान घेऊन ये. — हां, आता. तुमची खुर्ची थोडी इकडे घ्या. अजून. खिडकीचा उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, पाठीवर नको; पाठीवर पडला का तोंड नुसतं काळं दिसते, ओठ काही समजत नाही. अन् तो हात खाली ठेवा. मिशी हाये ते हाये, तिले आता काय करता, भल्ली झोकदार हाये, पन आमच्या कामाची नाही — वरचा ओठ पूरा झाकते. पंखा बंद करतो. गरमी होईन पाच मिनिटं, होऊ द्या. पंखा चालू राहिला का ह्या मशीनमधी घूं-घूं भरते. हे, कानामागं, दिसून राहिलं ना? विनोद म्हने, मामाजी, पाहुने येऊन राहिले, आजच्या दिवस काढून ठेवा. काहून? पाहुने आले म्हनून कोनी चष्मा काढून ठेवते का?

हां, बोला. सावकाश. — हं. — 'लगन झाल्यावर', हे समजलं. — 'शिक्षण'... काय? बंद? — म्हनजे डिंपलनं फार्मसीचं शेवटचं वर्ष सोडून देवाचं अन् जवाहरनगरच्या तुमच्या क्वार्टरमधी घर सांभाळाचं, असं म्हनून राहिले तुम्ही. बरोबर? मान हलवली, म्हनजे बरोबर. आमच्यात असंच करते — आयकलं ते आधी म्हनून दाखवाचं, मंगच जवाब देवाचा. तं माहा जवाब आयका. नाही.

नाही म्हनजे नाही. सोयरिकीले नाही, असं नाही म्हनलं मी, पोरगा चांगला हाये तुमचा. ह्या अटीले नाही. — आमच्यात म्हनजे? जातीत नाही हो साहेब! तुम्ही आम्ही एकाच विहारात वंदना घेनारे, जातीचं कुठून आलं मधीच? आमच्यात म्हनजे ज्यायचे कान गेले त्यायच्यात. दर रविवारी मोहाडीले बसतो आम्ही, विहाराच्या वसरीत, चौदा-पंधरा जन. हसा, हसा. मीही हसलो होतो पहिल्यांदा — बहिऱ्यायची बैठक, तिथं कोन कोनाचं आयकते म्हनून.

सांगतो कशी जमली ते. सव्वीस वर्षं मी राइस मिलीत होतो, धान भरडाच्या हलरवर. पहाटे पट्टा चढला का संध्याकाळलोक घरघर-घरघर, बाजूच्या मानसाच्या कानात तोंड घालून वरडलं तरी काही उपयोग नाही. म्हनून मिलीत कोनी बोलतच नाही. समदं हातानं. दोन बोटं म्हनजे पोतं लाव, मूठ म्हनजे बंद कर, कपाळाले हात लावला म्हनजे मालक आला. आता सांगा, तिथं कोनाचा कान गेला हे कोनाले समजन? मलेच नाही समजलं. मले वाटे, माही तुळसा वय झाल्यावर शांत झाली. तोंडाची भल्ली तेज बाई, अन् आता पाहा, कशी हळू बोलते बिचारी. मनातल्या मनात खुश होतो मी! अन् ती तिकडे चुलीपाशी बसून वरडून राहे का हा मानूस मले मोजतच नाही.

मंग कवातरी समजलं. मंग सुरू झाला लपवाचा धंदा. तुम्हाले नाही समजनार साहेब, तुमचे कान साबूत हायेत. समोरचा काही बोलला, ओठ हालले, आपल्याकडे पाहून राहिला — आपन काय करतो? मान हलवून हाव म्हनतो. समोरचा हसला तं हसाचं, त्यानं तोंड पाडलं तं पाडाचं. 'हाव' म्हनलं का मानूस खुश होते अन् पुढं जाते, पुन्हा विचारत नाही. चाळीस वेळा 'हाव' म्हनून मी बाजार केला, लगनं केली, ग्रामसभा केली. एकदा तं मैतीच्या घरी गेलो, त्या घरचा पोरगा रडत-रडत काही सांगून राहिला, अन् मी म्हनलं, हाव हाव, चांगलं झालं. बापाच्या तिरडीपाशी! हे आज सांगून राहिलो तं हसू येते. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

शकुनबाई भेटली भंडाऱ्याले, सरकारी दवाखान्यात, सर्टिफिकेटच्या लाइनीत. मोहाडीच्या बाजारात मासोळ्या विकते ती. दोन्ही कानाले मशीन, अन् आवाज असा का पूरी लाइन वळून पाहे. तिनं मले काही विचारलं. मी म्हनलं हाव. पुन्हा विचारलं. हाव. तिसऱ्यांदा — हाव. मंग माह्या थोबाडासमोर बोट नाचवून, एकेक शब्द तोडून म्हनते, 'भाऊ, मी तुम्हाले तीन वेळा विचारलं का तुम्ही बाळंतीन झाले का, अन् तुम्ही तीन वेळा हाव म्हनले.' लाइनीतले समदे हसले. जमीन फाटून पोटात घेईन तं बरं, असं झालं मले. तं ती म्हनते, 'लाजू नका. रविवारी या. आमी समदे असेच बाळंतीन हावोत.'

गेलो. काय शिकवते तिथं? — असं विचारून राहिले ना? दोन-चार गोष्टी. आरशासमोर बसून ओठ वाचाचे. उजेड कुठून पडते ते पाहून बसाचं. मशीनची नळी कशी धुवाची, बॅटरी कुठं भेटते, सर्टिफिकेटच्या कागदावर कोनाची सही लागते, कोनत्या दिवशी डॉक्टर येते — हे समदं एकमेकायले सांगतो आम्ही, कोनी नवीन असला तं एक जन संग जातो दवाखान्यात. भंडाऱ्याची एक मॅडम येते महिन्यातून एकदा, बिन पैशाची. पन खरा नियम एकच. न आयकता 'हाव' म्हनलं का त्या दिवशी समद्यायचे चहाचे कप त्यानं धुवाचे. भय्याजी गुरुजी बसते पाळत ठेवून, तीस वर्षं शाळेत छडी चालवली त्या मानसानं, मुद्दाम हळू बोलते! पहिल्या दोन महिन्यांत मी इतके कप धुतले साहेब, तुळसानं घरी तितके धुतले नसन. अन् एका रविवारी मी उभा राहून म्हनलं, 'गुरुजी, मले आयकू नाही आलं, पुन्हा बोला.' साठीच्या मानसाले टाळ्या वाजवल्या त्यायनं. रडलो मी. सांगाले काय लाज हाये, रडलो.

थांबा — गेली. बॅटरी गेली. टुंग-टुंग करते अन् मरते, नेमकी आजच. राहू द्या, आता तुम्ही बोलू नका, मीच बोलतो. तसंही मले जे सांगाचं हाये ते हळूच सांगाचं हाये. जवळ या थोडे. आतमधी तृप्ती हाये, माही मोठी पोरगी, सासरून आली हाये आजच्यासाठी. पोहे तिनंच केले. तिले हे माहीत नाही. तुळसाले नाही. रविवारच्या बैठकीत नाही सांगतलं मी.

ह्याच खोलीत, आठ वर्षं झाली. तृप्तीच्या सोयरिकीची बैठक. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले होती, भंडाऱ्याले, पांढरा ड्रेस घालून बसस्टॉपवर उभी राहे तं गावच्या बाया तिले आपला ताप-खोकला सांगे. कुलर चालू, पंधरा-सोळा मानसं, समदे एकदाच बोलून राहिले. अन् पोराच्या मामानं मले काही विचारलं. समदे माह्याकडे पाहून राहिले. मले वाटलं जेवनाचं विचारून राहिला, नाही तं तारखीचं असन. मी म्हनलं — हाव. हाव हाव, काही हरकत नाही. — लाडू वाटले. हातात हात देल्ले. — काय होय? हात काहून हालवून राहिले? पंखा पायजे? दोन मिनिटं थांबा, झालंच.

त्या मामानं विचारलं होतं का पोरीचं शिक्षण इथंच थांबवाचं, तुम्हाले चालते ना. अन् बापानं, पंचासमोर, हाव म्हनलं. हे मले समजलं संध्याकाळी, तृप्ती समोर येऊन उभी राहिली तवा. मोठ्यानं बोलली ती, म्हनून आयकू आलं. 'बाबा, तुम्ही हाव काहून म्हनले? तुम्हीच म्हने ना, घरात पहिली नर्स करीन?' आता तिथं मले एकच गोष्ट बोलाची होती साहेब. एकच. बाई, मले आयकू नाही आलं. उद्या जातो, सांगतो त्यायले. बस. पन ते तोंडातून निघालं नाही. मनात आलं, पोरीचा बाप बहिरा हाये हे समजलं तं म्हनतीन घरान्यातच खोट असन, उद्या लेकरं कशी निपजन. मिलीतून काढतीन. — खोटं. हे समदं मी मागून जोडलं. मले लाज वाटली, एवढंच. पोरीच्या जिंदगीपेक्षा माही लाज मोठी झाली. मी म्हनलं, बापानं जबान देल्ली, आता बदलनार नाही. अन् तोंड फिरवलं. तोंड फिरवलं म्हनजे बहिऱ्या मानसाचं आयकनंच बंद होते. ती मागून काय बोलली ते मले आजलोक माहीत नाही.

त्या पांढऱ्या ड्रेसचं तिनं फाडून पोतेरं केलं. लगनाच्या आधीच. महिनाभर त्याच्यावर मी पाय पुसले. जावई चांगला हाये, मारत नाही, पीत नाही. पन आठ वर्षं झाली, ती येते, मायसंग बोलते, मले 'जेवले का' म्हनते अन् आत जाते. तिले वाटते बाप कडक हाये. मी म्हनलं, कडक तं कडक समजू दे. बहिरा नको समजू. असा विचार करनारा मानूस होतो मी! अन् आता? आता सर्टिफिकेट पाहा, तिथं, बाबासाहेबाच्या फोटूखाली, लॅमिनेशन करून लावलं. गावाले दाखवतो. बहिरा म्हना, खुशाल म्हना. पन डिंपलच्या बैठकीत न आयकता हाव म्हननार नाही. शकुनबाई म्हने, मी बाजूले बसाले येऊ का? मी म्हनलं नको, एकटा करीन. अन् केलं.

पन तृप्तीले नाही सांगू शकलो. कान गेले हे गावाले सांगतो, पंधरा बहिऱ्यायले सांगतो, अन् त्या दिवशीचं हाव तुम्हाले — कालपर्यंत तोंडओळख नाही — तुम्हाले सांगून राहिलो, अन् पोरीले... — तोंडावर बोट काहून ठेवलं? अन् दाराकडे काय पाहून राहिले घडी-घडी? चहा येईन —

तृप्ती.

कवापासून उभी हायेस, बाई? — त्या चहावर साय धरली. म्हनजे पूरंच आयकलं. — मी तं हळू बोलून राहिलो होतो. साहेब, मी हळूच बोललो ना? — नाही? आंगनातल्या बायकाही उठून आल्या? डिंपलही? कुंपनापाशी ते कोन, शेजारची गोदावरीबाई? — बरं. आयकलं तं आयकलं. गावानं आयकू द्या, बरं झालं. जबान-बिबान काही नव्हती तृप्ती. मले आयकू आलं नव्हतं. खोटं बोललो मी तुह्यासंग, आठ वर्षं. — सांग, काय म्हनून राहिली? नाही, रडता-रडता नको बोलू, रडताना ओठ वाकडे होते, मले समजत नाही. तोंड पूस. मी थांबतो. मी कुठं नाही जात, अन् तोंड नाही फिरवत.

शेंडे साहेब, डिंपल शेवटचं वर्ष पूरं करन. कबूल असन तं सोमवारी या, बोलू. कबूल नसन तं तुमचाही रस्ता मोकळा, आमचाही. जय भीम. — आता बसू नका. उठा. विनोदचं पान रस्त्यात भेटन तुम्हाले. उठा ना साहेब — माही पोरगी आठ वर्षानं माह्यासंग बोलून राहिली.