टेकडीवर वाचायचा हिशोब

इथं जमलेल्या माझ्या माणसांनो,

किती जण आलात ते मले दिसत नाही. पण खुर्च्या सरकवण्याचा आवाज अजून थांबला नाही, म्हणजे युनूसभाईंच्या गॅरेजचं अंगण भरून माणसं रस्त्यावर उभी असतील. उन्हात उभे असाल तर आत सरका. जागा होते, थोडं थोडं सरकलं की होते.

मी सुमन राठोड. आपल्या टेकडी मंडळाची अध्यक्ष. मंडळाचे लोक मले ओळखतात, पण आज युनूसभाईंच्या मोहल्ल्यातले आले, गिऱ्हाईक आले, म्हणून सांगते. मी जन्मापासून आंधळी आहे. यवतमाळच्या एका सरकारी हापिसात टेलिफोनवर बसत होती, आता रिटायर झाली. सारी जिंदगी बोलण्यात गेली माझी. मले बोल म्हणावं लागत नाही, चूप बस म्हणावं लागते. 

एक सांगून ठेवते. या टेबलावर एक फोन चालू आहे. त्याच्या पलीकडे ताहेराभाभी आहेत, युनूसभाईंच्या घरच्या. त्या इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर त्यायच्यात ठरलेले दिवस बाईनं घरीच राहायचं असते. म्हणून त्या घरूनच ऐकून राह्यल्या. तवा माइकजवळ कोणी कुजबुजू नका. तिकडे सगळं जाते.

युनूसभाई आपले खजिनदार. याच गॅरेजमध्ये, भर दुपारी, एका स्कूटीचं चाक खोलता खोलता अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. बस, इतकंच झालं. मले फोन आला तवा मी गॅरेजच्या पोराले म्हटलं, नंबर चुकला बाबा तुमचा. फोनच्या नोकरीत हजारदा म्हटलेलं वाक्य, तेच तोंडातून गेलं.

मोहल्लेवाल्यांनो, तुम्ही त्यायले मिस्त्री म्हणून ओळखता. आम्ही कसे ओळखतो ते सांगते.

आमचं मंडळ लहान. ज्याले दिसत नाही, ज्याले चालता येत नाही, जे म्हातारे झाले, ज्यायले घरचे म्हणतात तू कायले येतं, घरीच बैस, अशा सगळ्यायले घेऊन आम्ही दर महिन्यात एका रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर जातो. एक लांब दोर असतो, त्याले गाठी मारल्या आहेत. प्रत्येकानं आपली गाठ धरायची अन् चालायचं. ज्याले चालता येत नाही त्याच्यासाठी खुर्ची आहे, स्कूटरची जुनी सीट अन् दोन बाजूले बांबू. ती युनूसभाईंनी इथंच वेल्डिंग मारून बनवली. राजूरचे शंकरराव, ज्यायले दोन्ही पाय नाहीत, ते त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा वर गेले तवा रडले नाहीत, काही नाही. म्हणाले, सीट जरा पातळ आहे. तवापासून त्या सीटमध्ये दरवर्षी नवा फोम. तो खर्चात लागते.

आता हिशोबाचं.

मंडळ काढलं त्या पहिल्या वर्षी आम्ही वार्षिक सभा घेतली. जमाखर्च मंजूर करायचा होता. सचिव आपले देशमुख सर, कॉलेजात शिकवायचे, त्यायच्या ओळखीनं एक हॉल फुकट भेटला. छान हॉल, पंखे, सतरंजी. दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आम्ही, जे जगाले सांगत फिरतो की टेकडी सगळ्यांची आहे, आम्हीच आमची सभा दुसऱ्या मजल्यावर ठेवली. अन् ध्यानात कोणाच्याच आलं नाही. खुर्चीवाले खाली चहाच्या टपरीवर बसून राहिले. वर हिशोब वाचला, हात वर झाले, सर्वानुमते मंजूर.

युनूसभाई उठले. मले आवाज आठवते अजून, एकदम खालच्या पट्टीतला. म्हणाले, "सर्वानुमते कसं लिवता सर? शंकरराव खाली चाय पिऊन राह्यले. त्यायले कोन इचारलं?"

सर म्हणाले, खाली जाऊन विचारू.

"खाली काहून? वाचायचा तर अशा जागी वाचू जिथं सगळे एकसाथ जातात. टेकडीवर वाचू. एक मेंबर जरी खाली राह्यला तरी हिसाब मंजूर नाही."

लोक हसले. मीही हसली, लपवत नाही. पण तेव्हापासून आमचा वार्षिक हिशोब टेकडीच्या माथ्यावर वाचला जाते. कोणाले ताप असला तर तारीख पुढं. कोणाच्या घरी लगीन असलं तर तारीख पुढं. एका वर्षी तर पुरा उन्हाळा निघून गेला. धर्मादायच्या कामासाठी जे सीए आमचे कागद बघतात, त्यायनं विचारलं, तुमची सभा नेमकी कधी असते? सर म्हणाले, सगळ्यायची तब्येत ठीक असली की.

अन् युनूसभाई वाचायचे कसे. जमा, वर्गणी. जमा, जुने टायर अन् रद्दी विकून. जमा, जिनिंगवाल्या शेठचा चेक. खर्च, दोर नवा. खर्च, ऑटोभाडं. खर्च, फोम. एकेक ओळ वाचायची अन् थांबायचं. "कोनाले काही म्हनायचं?" थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. आमच्यात काही जण असे आहेत की ज्यायचा शब्द तोंडातून निघायले वेळ लागते. तो वेळ ते द्यायचे. वर वारा असायचा, पोह्याचा वास असायचा, अन् कोणी काही म्हणत नसलं तरी ते थांबलेले असायचे. एका वर्षी वाचलं, छत्री एक, हरवली, जबाबदार सुमनताई. मी म्हटलं, भिया, आंधळीच्या हातात छत्री देते कोण? आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत भावाले भिया म्हणतात, मी त्यायले भियाच म्हणायची. तर म्हणाले, "देल्ली मंडळानं. म्हून नुकसान मंडळाचं. मंजूर?"

मंजूर, म्हटलं.

आता जे सांगते ते सांगायले जड जाते.

मले वाचता येत नाही म्हणून दरवर्षी टेकडीवर जायच्या आधी युनूसभाई पुरा हिशोब मोबाईलवर बोलून पाठवत. अध्यक्षाले आधी माहीत पाहिजे म्हणून. यंदाही पाठवला. मागं कॉम्प्रेसर चालू आहे, कोणी पोरगा दहाचा पाना मागून राह्यला, अन् त्याच्यातून भियाचा आवाज. जमा झाली. खर्च झाला. मग म्हणतात, "आता शिल्लक." श्वास घेतात. अन् मग, "थांबा ताई, गिऱ्हाईक आलं. मंग सांगतो."

बस. तिथंच बंद.

ते मंग आलं नाही. पुढच्या जुम्म्याच्या आत ते गेले.

मी फोनची बाई आहे. अर्ध्यात तुटलेली लाईन मी कधी तशी सोडली नाही, परत जोडून द्यायची. ही लाईन मी कुठं जोडू? मोबाईल हातात घेतला की तो बोलून सांगते, कोणाचा मेसेज आहे ते. युनूसभाई, असं म्हणते. रोज म्हणते. दुधवाल्याले फोन लावायले जाते अन् बोट भलतीकडे पडते अन् भिया बोलायले लागतात. मी बंद करत नाही. तो श्वास येईपर्यंत ऐकते. त्या श्वासात आकडा आहे, मले कळते, आकडा त्यायच्या तोंडाशी आलेला आहे. दरवेळी वाटते, आज सांगतील.

तुम्ही म्हणाल, बाई, शिल्लक काढायले काय लागते, जमेतून खर्च वजा. काढली ना. देशमुख सरांनी त्याच आठवड्यात काढली. मले सांगायले आले. मी म्हटलं, सर, नका सांगू. सर चांगले माणूस आहेत, कागद घेऊन परत गेले. मले तो आकडा दुसऱ्याच्या आवाजात ऐकायचा नव्हता. ऐकला की त्यायचं ते "मंग सांगतो" संपलं. मग काहीच सांगायचं बाकी नाही.

मागच्या रविवारी आम्ही त्यायच्याशिवाय पहिल्यांदा टेकडीवर निघालो. दोराची शेवटची गाठ युनूसभाईंची. कोणी मागं सुटू नये म्हणून ते कायम शेवटी राहायचे. त्याच्या आधीची माझी. त्या दिवशी शेवटची गाठ कोणी धरली नाही, धरावी असं कोणाले वाटलंच नाही. शेपूट मोकळं घसरत येत होतं. अर्ध्या चढावर मागून दोर ताणला गेला. हलका, जसे ते ओढायचे, हळू चाला ताई म्हणून. मी थांबली. माझ्यामुळे सगळे थांबले. शंकरराव खुर्चीतून म्हणाले, "झुडपात अटकला असंन, ताई."

असंन. झुडूपच असंन. पण मी हात मागं नेऊन पाह्यला नाही, अन् शंकररावांनीही कोणाले पाहायले लावलं नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो. माथ्यावर गेलो नाही.

आता मंडळापुढं अडचण काय आहे ते साफ सांगते, कारण गेल्या आठवड्यात त्याच्यावर बरंच बोलणं झालं. कापसाच्या जिनिंगवाले शेठ दरवर्षी चेक देतात. यंदा त्यायनं सांगितलं, महिना संपायच्या आत मंजूर झालेला हिशोब दाखवा, नाहीतर पैसे दुसरीकडे देईन. त्यायचं चूक नाही, त्यायलेही कागद लागतात. तो चेक म्हणजे आमचं वर्षभराचं ऑटोभाडं. ऑटो नाही तर राजूरवाले नाहीत, नेरवाले नाहीत, अर्धे लोक घरी. म्हणून सर म्हणाले, सगळे या सभेले येतीलच, ताई, तिथंच मंजूर करून घेऊ. तुमचा अंगठा लागते. युनूसभाईंलेही वाटलं असतं, मंडळ चालू राहावं.

मी हो म्हणणार होती. खरं सांगते. काल दुपारपर्यंत माझं हो होतं.

काल दुपारी मी ताहेराभाभींले फोन केला, सभेची वेळ सांगायले. सांगून झालं. भाभी म्हणाल्या, "ताई, शिल्लक कितनी बची?"

मी म्हटलं, तुम्हाले कशी ठाऊक शिल्लकीची गोष्ट?

"हर साल ऊपर से आके मेरे को पूरा पढ़ के सुनाते थे. हाथ-पाँव धोके बैठते, शुरू से आखिर तक. एक-एक लाइन पे रुकते, पूछते, कुछ बोलना है? मैं मंजूर बोलती तब खाना खाते. इस साल रह गया."

माणसांनो, ऐका. मले एकदम आठवलं. जमेच्या बाजूले दरवर्षी एक नाव यायचं. ताहेरा युनूस, वर्गणी जमा. दरवर्षी. आम्ही सगळ्यायनं ऐकलं आहे. अन् ते नाव वाचताना भियाचा आवाज आमच्याकडून वळून दुसरीकडे जायचा. मले वाटे, वारा फिरला. आता लोक मले सांगतात, माथ्यावरून त्या बाजूले खाली भियाच्या घराचं छप्पर दिसते.

भाभी मेंबर आहेत. पहिल्या वर्षापासून. अन् त्या कधी वर आल्या नाहीत.

मी विचारलं, भाभी, तुम्ही काहून नाही आल्या कधी?

"वो तो हर साल बोलते थे, चल. मैं ही नहीं गई. वजन बहुत है मेरा, ताई, और घुटने गए. चार मर्द उठा के ले जाएँगे, लोग देखेंगे. शरम आती थी."

मग म्हणाल्या, "अब ले जाओगे क्या?"

भाभी, तुम्ही ऐकून राह्यल्या, तुमच्या परवानगीनंच हे सांगून राह्यली. मी तुम्हाले तेव्हा उत्तर दिलं नाही. माझं एकटीचं उत्तर चालत नाही, मंडळाले विचारावं लागते. आता विचारते.

मंडळाच्या लोकांनो, भाभींची इद्दत सरायले वेळ आहे. महिना त्याच्या आधी संपते. थांबलो तर शेठचा चेक जाईल. शेठ, तुम्ही इथं असाल तर रागावू नका. ऑटोभाड्याचं काय करायचं ते मले आज ठाऊक नाही, मी खोटं सांगत नाही. वर्गणी वाढवावी लागेल, काही रविवार चुकतील. तरी विचारते. एक मेंबर खाली असताना हिशोब मंजूर करायचा, का थांबायचं?

बोला. मी थांबते. ज्याले वेळ लागते त्यानं वेळ घ्या.

हं. शंकरराव, ऐकू आलं, थांबायचं.

हं. मागून आलं. तिकडून, चहाच्या चुलीजवळूनही आलं.

देशमुख सर, तुमचा आवाज नाही आला. तुमच्यावर सगळे कागद आहेत, मले समजते. सावकाश सांगा.

आला. सर, तुमचे उपकार आहेत.

भाभी, झालं. इद्दत सरली की पहिल्या रविवारी सकाळी तुमच्या दारात खुर्ची येईल. चार नाही, सहा माणसं लावू. त्यात बाया असतील, मी स्वतः एक बांबू धरीन. लोक पाहतील, पाहू द्या. मलेही पाहतात, मले काय दिसते? शिल्लक तुम्ही वर ऐकाल, मीही तिथंच ऐकीन, अन् तुम्हाले काही म्हणायचं असलं तर आम्ही थांबू.

आता शेवटचं. अशा सभेत दोन मिनिटं उभं राहायचं असते. आपण उभं राहायचं नाही. आपल्यातल्या कितीजणांले ते जमत नाही, अन् ज्यायले जमते त्यायनं युनूसभाईंच्या अंगणात तेवढ्यासाठी वेगळं होऊ नये. बसल्या जागी, जो जिथं आहे तिथं, गप राहू. शेजारच्याचा हात धरायचा असला तर धरा. शांतता मले जड जाते, तिच्यात काय काय ऐकू येते ते माझं मले ठाऊक. तरी आज मी ती तुमच्याकडे मागते.

युनूसभाई, हिशोब थांबवून ठेवला आहे. एक मेंबर वर यायची आहे. आम्ही तिले घेऊन येतो.

सलाम, भिया.